आत सुती, मध्ये क्रेप, वर लेस : अस्तराचा लेस ड्रेस घरी कसा शिवायचा

भाचीचा साखरपुडा मे महिन्यात ठरला. फोनवर तारीख सांगून झाली आणि लगेच पुढचा प्रश्न आला, "मावशी, लेसचा ड्रेस शिवून देशील का गं? दुकानातले तीन घालून बघितले. आतून सगळे टोचतात." तिचं खरं होतं. तयार लेस ड्रेसमध्ये बहुतेक वेळा वरची लेस आणि आतलं जाड सॅटिन एकाच टिपेत दाबलेलं असतं आणि इंटरलॉकची खरखरीत कड थेट अंगाला लागते. नाशिकच्या मे महिन्यात, पारा चाळिशीला टेकलेला असताना, असा ड्रेस तासभरही अंगावर नकोसा होतो.

मी तिला तीन थरांचा ड्रेस शिवला. अंगालगत मऊ सुती, त्यावर क्रेप, सगळ्यात वर लेस. ऐकून उकडेल असं वाटतं, पण सुती थर फक्त कमरेपर्यंत आहे, बाह्या नुसत्या लेसच्या आहेत आणि खाली घेराला क्रेपचं अस्तर सुटं आहे. संध्याकाळी पाच ते रात्री अकरा ती त्याच ड्रेसमध्ये होती.

लेसच्या ड्रेसबद्दल माझं एक ठाम मत आहे. फिटिंग अस्तरात करायचं, लेसमध्ये कधीच नाही. साधा सुती कुर्ता चुकला तर उसवून पुन्हा शिवता येतो. लेस उसवली की जाळीचे धागे तुटतात, सुईची भोकं तशीच राहतात आणि नक्षीतला दोरा उचकटून येतो. म्हणून लेसला कात्री लागण्याआधी मापाचे सगळे प्रश्न स्वस्तातल्या सुती कापडात सोडवून घ्यायचे. पुढचा सगळा क्रम त्यावरच उभा आहे.

लेसचं कापड घेताना

नाशिकच्या मेन रोडला किंवा शालिमारला जाऊन नुसतं "लेस दाखवा" म्हटलंत तर काठाला लावायच्या पट्ट्यांचे रोल पुढे येतील. "लेसचं कापड, ऑलओव्हर, दोन्ही काठांना कंगोरे असलेलं" असं सांगायचं. कंगोरे म्हणजे काठाची ती अर्धगोल नक्षी. ड्रेसचा खालचा घेर आणि बाह्यांची टोकं त्यातूनच तयार होतात, वेगळं हेमिंग करावं लागत नाही.

ढोबळमानाने तीन प्रकार समोर येतात. पहिला, मऊ नेटवर बारीक नक्षी असलेली लेस. ही हलकी असते, चुण्या सुंदर पडतात. पहिल्यांदा शिवत असाल तर हीच घ्या. दुसरा, नक्षीच्या कडेने जाडसर दोरी फिरवलेली कॉर्डची लेस. दिसायला भारदस्त, पण दोरीवरून टीप मारताना सुई घसरते. तिसरा प्रकार बाजारात जीपीओ म्हणून मिळतो, पुस्तकात त्याला गिप्यूर म्हणतात. त्यात जाळी नसतेच. नक्षी आधी एका कापडावर भरतात, मग ते कापड विरघळवून टाकतात आणि नुसतं भरतकाम उरतं. जीपीओ जड असते. सरळ, बिनचुण्यांच्या ड्रेसला ती शोभते, घेरदार ड्रेसला नाही.

दुकानदार ज्याला 'शिफली वर्क' म्हणतात, ते नाव एका यंत्राचं आहे. स्वित्झर्लंडमध्ये इझाक ग्रोब्ली यांनी १८६३ साली भरतकामाचं हे यंत्र केलं. त्यातलं शटल होडीच्या आकाराचं होतं आणि तिकडच्या बोलीत शिफली म्हणजे छोटी होडी. आपल्या शिलाई मशीनच्या पोटातलं शटल आणि ही होडी एकाच कुळातली, हे कळल्यापासून मला त्या शब्दाची वेगळीच आपुलकी वाटते.

मोती-टिकल्या लावलेली लेस पहिल्या ड्रेसला नको. प्रत्येक टिपेच्या वाटेतले मोती आधी फोडून काढावे लागतात आणि सुटलेला दोरा मागे गाठ मारून पक्का करावा लागतो. एक संध्याकाळ तेवढ्यातच जाते.

आता रंग. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली क्रीम, मोतिया आणि पांढरा सगळे सारखेच दिसतात. लेस आणि अस्तर दोन्ही घेऊन दाराशी या, उन्हात धरा. अस्तर मनगटावर टाकून त्यावर लेस पसरा आणि दोन पावलं लांब धरून बघा. लेसच्याच रंगाचं अस्तर लावलं तर नक्षी शांत होते, लांबून ड्रेस एकसंध दिसतो. अंगाच्या रंगाचं लावलं तर प्रत्येक पान-फूल उठून दिसतं. पण 'स्किन कलर' म्हणून जो फिकट गुलाबी तागा पुढे करतात, तो आपल्यापैकी फार थोड्यांच्या अंगाचा रंग असतो. भाचीचा वर्ण सावळा आहे. आम्ही बदामी आणि बिस्किटी यांच्या मधला क्रेप शोधत तीन मॅचिंग सेंटरं पालथी घातली, तेव्हा कुठे हवा तो मिळाला. या शोधात घाई करू नका, अख्ख्या ड्रेसचं रूप त्या एका रंगावर ठरतं.

किती कापड लागेल

मी छाती ३४, कंबर २८, कमरेपासून गुडघ्यापर्यंत २३ इंच या मापाचा हिशेब देते, तुम्ही तुमच्या मापाने बदला.

कंगोरे कापडाच्या लांबीच्या दिशेने धावतात, त्यामुळे लेस आडवी धरून कापायची असते. घेराची उंची पन्ह्यातून, म्हणजे कापडाच्या रुंदीतून, निघते आणि घेराची रुंदी लांबीतून. पन्हा ४४ इंची असेल तर एका काठाकडून घेरासाठी साडेतेवीस इंच जातात (२३ अधिक कमरेची अर्धा इंच माया, म्हणजे शिलाईसाठी सोडलेलं जास्तीचं कापड) आणि वर साडेवीस इंचांची पट्टी उरते. समोर, पाठीचे दोन भाग आणि दोन्ही बाह्या त्या पट्टीत मावतात. बाह्यांची टोकं दुसऱ्या काठाच्या कंगोऱ्यांवर ठेवायची. समोरला २० इंच, पाठीला ११ आणि ११, बाह्यांना १४ आणि १४, एकूण ७० इंच. घेरासाठी मात्र १०० इंचांच्या आसपास लांबी हवीच. म्हणजे २.६ मीटरमध्ये काम होतं. नक्षी जुळवायला थोडी सूट लागते, म्हणून सरळ तीन मीटर घ्या.

इथे एक गोष्ट घेण्याआधीच तपासायची. बाह्या उलट्या काठावर कापल्या की त्यांच्यावरची नक्षी घेराच्या उलट दिशेला जाते. देठ खाली, फूल वर अशी एकाच दिशेची नक्षी असेल तर बाह्यांवरची फुलं डोकं खाली करून लटकतील. मग बाह्यांसाठी वेगळी लेस घ्यावी लागते.

क्रेप दोन मीटर, सुती एक मीटर. सुतीसाठी टू बाय टू (ब्लाउजचं पातळ सुती कापड) किंवा मलमल, रंग क्रेपला मिळता. शिवाय २२ इंची कन्सील चेन (बाहेरून न दिसणारी), एक बारीक हुक, पॉलिएस्टर दोरा, अर्धी वीत ऑर्गन्झा (पातळ, ताठ कापड) आणि ११ नंबरची नवी सुई. घरच्या मशीनला बहुधा १६ नंबरची सुई असते, तिने नेटमध्ये भोकं पडतात.

सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा, ते आटतं. लेस साध्या पाण्यातून एकदा बुडवून काढा आणि न पिळता चादरीवर पसरून ठेवा. पॉलिएस्टरच्या क्रेपला काही करावं लागत नाही.

सुती अस्तरात फिटिंग

ड्राफ्टिंग, म्हणजे मापांवरून कागदावर खाका काढणं, येत असेल तर छातीचा चौथा भाग साडेआठ, त्यात अर्धा इंच सैलपणा, म्हणजे ९. कमरेचा चौथा भाग ७, त्यात पाव इंच सैलपणा आणि एक इंच टकचा (आकार देण्यासाठी दुमडून शिवलेली चिमटी), म्हणजे सव्वाआठ. मुंढा (बाही जिथे लागते ती गोलाई) सव्वासात, पाठीची उंची १५. समोरच्या भागाची कडेची उंची एक इंच जास्त ठेवायची, कारण छातीचा आडवा टक तेवढा खाऊन टाकतो. हा एक इंच विसरला की समोरची कंबर वर चढते, आणि हीच चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे. ड्रेसला चेन पाठीत आहे, म्हणून पाठ दोन तुकड्यांत कापा आणि मधल्या कडेला पाऊण इंच माया सोडा.

ड्राफ्टिंग येत नसेल तर नीट बसणारा, न ताणणारा, टक असलेला कुर्ता कागदावर ठेवून कमरेपर्यंतचा खाका उतरवून घ्या.

हा खाका सुती कापडावर ठेवून कापा. कडेला आणि खांद्याला दीड-दीड इंच माया ठेवा. मशीनचा टाका सगळ्यात मोठा करून कच्ची शिलाई मारा आणि अंगावर चढवून पाठीत टाचण्या लावा. मग हात वर करा, खुर्चीवर बसा, पुढे वाका. मुंढा काखेत रुततोय का, टकचं टोक छातीच्या उंचवट्याच्या एक इंच आधी थांबतंय का, पाठीत आडव्या वळ्या पडतात का, हे बघा. पाठीच्या आडव्या वळ्या म्हणजे कंबर वर हवी. गळ्याशी कापड सुटं राहत असेल तर खांद्याच्या शिलाईत गळ्याच्या टोकाशी पाव इंच आत घ्या.

जे जे बदलाल ते लगेच पेन्सिलीने कापडावर खुणा करून ठेवा. दुसऱ्यांदा घालून बघा. मला तीनदा लागलं, त्यात वाईट काही नाही. बरोबर बसलं की कच्ची शिलाई उसवा, माया कडेला एक इंच आणि बाकी अर्धा इंच ठेवून कातरा. पाठीच्या मधली पाऊण इंच तशीच राहू द्या. हेच तुकडे क्रेप आणि लेस कापायचा नमुना, आणि शेवटी हेच ड्रेसच्या आतलं अस्तर. वाया काहीच जात नाही.

कापणं

क्रेप आधी. वरच्या भागाचे तुकडे सुती नमुन्याबरहुकूम. घेराचं अस्तर मात्र लेससारखं चुण्यांचं करू नका, नाहीतर कमरेवर पोत्याइतकी जाडी होते. ते वर कमरेच्या मापाचं आणि खाली ६० इंच घेराचं, झग्यासारखं पसरत जाणारं कापा. तेवढ्या घेरात चालता येतं, जिना चढता येतो.

लेस कापताना मोठी सपाट जागा हवी. मी हॉलची फरशी पुसून त्यावर गडद रंगाची चादर अंथरते, फिकट लेसची नक्षी त्यावर स्वच्छ दिसते. लेस एकपदरी पसरायची, घडीवर कधीच कापायची नाही. घडी घातली की खालची नक्षी सरकते आणि डाव्या-उजव्या बाजूंची फुलं वरखाली होतात. समोरच्या भागाची मध्यरेषा एका मोठ्या फुलाच्या बरोबर मधून जाईल असा नमुना ठेवा. दोन्ही बाह्यांवर तीच फुलं त्याच उंचीवर यायला हवीत. एक बाही कापली की तीच उलटून लेसवर ठेवा, फुलावर फूल बसवा आणि दुसरी कापा.

घेराचा जोड पाठीत एकच येतो. तो दोन कंगोऱ्यांच्या मधल्या खोबणीत पडेल अशी लांबी मोजून घ्या. कंगोऱ्याच्या पोटात जोड आला तर तो लपत नाही.

खडू लेसवर उमटत नाही. वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे सैल टाके घालून खुणा करा.

लेस आणि क्रेप एकजीव करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. वरच्या भागात लेस आणि क्रेप मिळून एकच कापड व्हायला हवं, म्हणजे टक, खांदा, कड सगळं दोन्हींतून एकदम शिवलं जातं आणि लेसवर ताण येत नाही.

क्रेपचा तुकडा सुलट बाजू वर करून टेबलावर ठेवा. त्यावर लेस, तिचीही सुलट बाजू वर. मधोमध वरून खाली सैल धावदोरा घाला. आता वर्तमानपत्राची गुंडाळी करून तिच्यावर पांढरा पंचा गुंडाळा आणि दोन्ही थर त्या गोलाईवर मांडा. अंग गोल असतं आणि लेस बाहेरच्या बाजूला असते, म्हणून तिला क्रेपपेक्षा किंचित जास्त जागा लागते. गुंडाळीवर ठेवताच क्रेपची कड लेसच्या बाहेर एखाद-दोन मिलिमीटर डोकावू लागते. ती डोकावू द्या. लेस ओढून कडेला कड जुळवलीत तर अंगावर चढवल्यावर ती ताणलेली दिसते आणि आतलं क्रेप फुगतं. तळहाताने मधून कडेकडे हलकेच सारा, बोटांनी ओढू नका. आहे त्या जागी टाचण्या लावा आणि कडेपासून पाव इंचावर हाताने कच्चे टाके घाला. मग बाहेर आलेलं क्रेप कातरून टाका.

टकच्या मध्यरेषेवरूनही दोन्ही थरांतून एक धावदोरा घाला, तरच टक दुमडताना आतलं क्रेप निसटत नाही. समोर, पाठीचे दोन भाग, एवढंच हाताने करायला मला एक पूर्ण संध्याकाळ लागली. खिडकीशी बसून केलं. पंख्याच्या वाऱ्याने नेट उडतं, म्हणून पंखा बंद. मशीनवर हेच काम दहा मिनिटांत होतं, पण तिथे खालचं कापड दात्यांनी पुढे जातं आणि वरची लेस मागे राहते. हातानेच करा.

मशीनवर बसण्याआधी

लेसच्या उरलेल्या तुकड्यावर क्रेप ठेवून टीप मारून बघा. टाका अडीच मिलिमीटरचा, वरचा ताण नेहमीपेक्षा थोडा सैल. फुटाची दोन टोकं जाळीत अडकत असतील तर त्यांच्याभोवती पारदर्शक चिकटपट्टीचा छोटा तुकडा गुंडाळा, फक्त सुईची वाट मोकळी ठेवा. नुसती लेस शिवताना खाली पांढऱ्या पतंगी कागदाची पट्टी ठेवायची. संक्रांतीला येवल्याहून आणलेल्या कागदातले पांढरे ताव मी यासाठी बाजूला काढून ठेवते. रंगीत कागद आणि वर्तमानपत्र दोन्ही नकोत, डाग पडतात. शिवून झाल्यावर कागद टिपेच्या रेषेवर अलगद फाडून काढायचा.

सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं डाव्या हातात धरून ठेवा, नाहीतर पहिल्याच टाक्याला नेट सुईच्या भोकात ओढलं जातं. उलट टीप मारू नका, टोकं हाताने गाठ मारून पक्की करा.

वरचा भाग

क्रेपसह लेसचे टक शिवा, मग खांदे. सुती अस्तराचे टक आणि खांदेही वेगळे शिवून घ्या. दोन्ही तुकडे सुलट बाजूला सुलट बाजू ठेवून गळ्याशी जोडा, पण पाठीच्या मधल्या कडेपासून दोन्हीकडे दीड इंच मोकळं सोडा, तिथे पुढे चेन येणार आहे. गळ्याची माया कातरून पाव इंच करा, गोलाईवर कात्रीने छोटे काप द्या आणि सगळी माया सुतीकडे वळवून सुतीवर कडेलगत एक टीप मारा. या टिपेमुळे गळ्यातून सुती कधी बाहेर डोकावत नाही.

मग कडेच्या शिलाया. लेस-क्रेपची कड वेगळी, सुतीची वेगळी. सुतीची माया क्रेपकडे तोंड करून राहील अशी शिवायची, म्हणजे अंगाला कुठेच कड लागत नाही. भाचीला हवं होतं ते हेच.

बाह्या

बाह्या पारदर्शक आहेत, म्हणून आतली शिलाई बाहेरून दिसते. तिथे फ्रेंच शिलाई हवी. आधी उलट बाजूंना उलट बाजू ठेवून पाव इंचावर टीप मारा, माया कातरून निम्मी करा, मग उलटून सुलट बाजू आत घ्या आणि पुन्हा पाव इंचावर टीप मारा. कच्ची कड आत बंद होते.

मुंढ्याशी सुती आणि लेस-क्रेप हाताने टाचून एक करा. बाहीच्या माथ्यावर दोन सैल टिपा मारून दोरे हलके ओढा, साधारण इंचभर जास्तीचं कापड त्यात जिरतं. बाही लावली की माया पाऊण सेंटिमीटर ठेवून कातरा आणि सुतीच्या सवा इंची उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीने गोट घाला, म्हणजे कच्ची कड त्या पट्टीत गुंडाळून शिवा. गोट अंगाच्या बाजूला वळवायचा. बाहीकडे वळवलात तर जाळीतून त्याची रेघ दिसत राहते.

घेर आणि कंबर

लेसच्या घेराला वरून दोन सैल टिपा मारा, एक पाव इंचावर, दुसरी त्याखाली पाव इंचावर, आणि चुण्या ओढून कमरेच्या मापाला आणा. मऊ नेटमध्ये १०० इंच आरामात २९-३० इंचांत बसतात. कॉर्डची लेस असेल तर ६० इंचांच्या वर जाऊ नका आणि चुण्यांऐवजी प्लेट्स घाला.

अस्तराचा घेर लेसच्या आत ठेवा, दोन्ही कमरेशी टाचा आणि लेस-क्रेपच्या वरच्या भागाला जोडा. सुती या जोडात घ्यायचं नाही, ते मोकळं लोंबू द्या. जोडावरून सुती कापडाच्या किनारीची अर्धा इंच रुंद पट्टी, कमरेच्या नेमक्या मापाची, शिवून टाका. घेराचं सगळं वजन ती पट्टी पेलते आणि कंबर कधी ओघळत नाही. माया थराथराने कमी-जास्त कातरा, सगळी एकाच रेषेत कापली तर बाहेरून वळ दिसतो.

चेन

नेटला चेनचे टाके धरत नाहीत, म्हणून घेराच्या वरच्या सात-आठ इंचांत पाठीच्या कडेला ऑर्गन्झाची इंचभर पट्टी आतून टाचून घ्या. चेन उघडून तिचे दाते सौम्य इस्त्रीने सपाट करा. एक बाजू शिवून झाली की चेन बंद करून दुसऱ्या बाजूवर कमरेचा जोड कुठे येतो त्याची खूण करा आणि आधी फक्त तिथे हाताने तीन टाके घालून चेन बंद करून बघा. दोन्ही बाजूंचे जोड एका रेषेत आले तरच पुढे जा. पाठीत कमरेची रेषा वरखाली झालेली लांबून दिसते.

चेनखाली लेस-घेराचा जोड शिवा. अस्तराच्या घेराचा जोड वेगळा शिवा, चेनच्या टोकाखाली अर्धा इंच सोडून. गळ्याशी मोकळी ठेवलेली दीड इंच जागा आता पूर्ण करा, सुती आणि अस्तर चेनच्या पट्टीला हाताने बारीक टाक्यांनी शिवा, आणि कमरेशी सुतीची कड आत दुमडून जोडावर हेमिंग करा. चेनच्या वर हुक लावायला विसरू नका.

अस्तराचा घेर पसरत जाणारा कापल्यामुळे तो लोंबतो, म्हणून ड्रेस एक रात्र हँगरवर टांगून ठेवा आणि सकाळी उंची नेमकी करा. अस्तर कंगोऱ्यांच्या खोबणीच्या एक इंच वर संपायला हवं. टोकापासून मोजलंत तर खोबणीतून अस्तराची कड दिसते.

इस्त्री आणि उरलेली लेस

चार वर्षांपूर्वी मी शिवलेल्या पहिल्या लेस ड्रेसची बाही इस्त्रीने जाळली होती. आदल्या दिवशी सुती साड्या केल्या होत्या, चकती कॉटनवरच राहिली होती. नायलॉनची जाळी क्षणात आक्रसली आणि रुपयाएवढं भोक पडलं. तेव्हा उरलेल्या कापडातलं एक फूल पानासकट कातरून भोकावर ठेवलं आणि कडेने एकेरी दोऱ्याने इतके बारीक टाके घातले की मला स्वतःला नंतर जागा शोधावी लागली. लेसमध्ये असं ठिगळ लावता येतं, कारण नक्षीला कड असते आणि कड टाके लपवते.

तेव्हापासून चकती नायलॉनवर आहे ना, हे मी दोनदा बघते. जाड टॉवेल अंथरून ड्रेस उलट बाजूने ठेवते, वर मलमलचा ओलसर रुमाल आणि इस्त्री न घासता उचलून उचलून टेकवते. टॉवेलमुळे उठावाची नक्षी दबत नाही. आणि प्रत्येक लेस ड्रेसचे उरलेले तुकडे, फुलं अखंड ठेवून, पाकिटात घालून पाकीट ड्रेसच्या हँगरलाच बांधून देते. भाचीच्या पाकिटात सात फुलं आहेत आणि कंगोऱ्याचा वीतभर तुकडा.